मास्तरचा हात

तिच्या केसांत कागदाचा कपटा अडकला होता, तो काढायला त्याने हात पुढे केला आणि ती खाली वाकली. वाकली म्हणजे कशी, तर डाव्या कानावर पंजा, मान खांद्यांत, डोळे घट्ट मिटलेले, आणि हे सगळं पापणी लवायच्या आत. लगेच ती सरळही झाली. काय होतं, असं तिने विचारलं. कपटा, असं तो म्हणाला. तिने स्वतःच केस झटकले, कपटा फरशीवर पडला, तो उचलून तिने डब्यात टाकला आणि चहाचं आधण ठेवायला गेली. झालं ते एवढंच. सकाळचे नऊ वाजले होते, खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, आणि मास्तर तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या दोन खोल्यांत हात तसाच पुढे धरून उभा राहिला. अकरा वर्षं. अकरा वर्षांत या हाताने तिला बोट लावलं नव्हतं. कुणी विचारत नसलं तरी तो हा आकडा मनातल्या मनात छातीवरच्या बिल्ल्यासारखा मिरवत आला होता. आणि आता त्याला एकदम आठवायला लागलं की ती अशी पुष्कळदा वाकते. तो फडताळातून डबा काढायला हात वर करतो तेव्हा, पंखा लावायला जातो तेव्हा, नुसता आळस देतो तेव्हासुद्धा. इतकी वर्षं त्याला वाटायचं, ही बाई सारखी खालचं काहीतरी उचलते. व्यवस्थित आहे बिचारी. स्वतःच्या मूर्खपणाची त्याला इतकी चीड आली की टेबलावर मूठ आपटावीशी वाटली, आणि ती आपटली तर आत चहा करणारी बाई काय करेल हेही त्याला त्याच क्षणी दिसलं. म्हणून तो खुर्चीवर बसला आणि हात मांड्यांखाली घेतले.

मास्तर म्हणजे शाळेतला नव्हे. बाइंडिंगखान्यात कागद कापायचं मोठं यंत्र चालवतो त्याला मास्तर म्हणतात, आणि याने ते चौतीस वर्षं चालवलं. हजार-हजार कागदांचा गठ्ठा टेबलावर सरकवायचा, कडा सारख्या करायच्या, उघड्या पंजाने वरून फाडकन थाप मारून आतली हवा काढायची, मग पायाने दाबपट्टी गठ्ठ्यावर आणायची, दांडा ओढायचा. पातं खाली येतं ते आवाज न करता. आवाज होतो कागदाचा, जाड आणि ओला, आणि गठ्ठ्याची कड काकडीसारखी वेगळी होऊन पडते. ते पातं त्याला आवडायचं, हे त्याने कधी कुणाला सांगितलं नाही. माणसाच्या अंगठ्याइतक्या उंच गठ्ठ्यातून ते जायचं तेव्हा त्याच्या दातांत गोड कळ यायची. निवृत्तीच्या समारंभात मालकाने त्याच्या दहाच्या दहा बोटांचं कौतुक केलं. या धंद्यात दहा बोटं घेऊन घरी जाणं सोपं नाही, असं मालक म्हणाला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बायको पहिल्या रांगेत होती. तिनेही वाजवल्या. आता त्याला वाटतं, ती त्या वेळी त्या दहा बोटांकडे कशी बघत असेल.

लोक म्हणतात, मास्तर पार बदलला. कागदाने त्याला माणसात आणलं. त्याच्या टेबलावर पोलादी पट्टी असते, बारीक ब्लेड असतं, घड्या दाबायची हाडाची पट्टी असते, आणि एकच जाड पांढरा कागद. त्या एका कागदातून तो खोल्या करतो. चिकटवायचं काही नाही, तोडून टाकायचं तर जवळजवळ काहीच नाही. नुसते छेद द्यायचे, मागेपुढे घड्या घालायच्या, आणि मिटलेला कागद हळूच उघडला की आतून जिना उभा राहतो, खिडकी उभी राहते, ओटा, त्यावरचं शेगडीचं तोंड, अर्धवट उघडं दार. पहिल्यांदा बघणारा तोंडात बोट घालतो. कागदाला दिशा असते, तिच्या उलट घडी घातली तर कड फाटते, हे चौतीस वर्षं गठ्ठे कापून त्याच्या तळहाताला डोळे मिटून कळतं. आतापर्यंत दोनशेवर खोल्या झाल्या, सगळ्या लोखंडी कपाटात एकावर एक मिटून ठेवलेल्या. माणूस एकातही नाही. बायकोने एकदाच विचारलं होतं, या घरांत राहतं कोण? माणसं कापायला अवघड जातात, असं तो म्हणाला होता. खरं तर त्याने एकदा बाई कापून पाहिली होती, ओट्यापाशी उभी, आणि मानेच्या घडीवर हाडाची पट्टी फिरवताना त्याच्या हातात इतका जोर आला की कागद फाटून पट्टी टेबलात रुतली. तो कागद त्याने बारीक बारीक फाडून पाण्यात भिजवला, लगदा केला आणि तेव्हा कुठे त्याचा श्वास जागेवर आला.

माणसात आणलं म्हणे. बघणाऱ्यांना ते टेबल म्हणजे साधूची बैठक वाटतं. आत काय चालतं ते त्याला एकट्याला ठाऊक. गेल्या वर्षी वाचनालयाच्या मोठ्या खोलीत त्याच्या खोल्यांचं प्रदर्शन लावलं होतं. तिथल्या कारकुनाने एक जिना उलटा उघडला. कड चुरगळली, तो हसला आणि म्हणाला, होतं असं, कागदच तो. मास्तरही हसला. हसता हसता त्याने त्या कारकुनाला केसांना धरून यंत्राच्या टेबलावर आडवा केला होता, गालावर दाबपट्टी आणली होती, दांड्याला हात घातला होता. तो जाड ओला आवाज त्याने कानांनी ऐकला. मग त्याने खिशातून हाडाची पट्टी काढून चुरगळलेली कड नीट दाबून सरळ केली आणि कारकुनाला म्हणाला, हरकत नाही. मुलगा त्या दिवशी शेजारीच होता. नंतर जिन्यात त्याने बापाच्या खांद्यावर हात ठेवला, आयुष्यात पहिल्यांदाच, आणि म्हणाला, बाबा, पूर्वीचे असता तर त्याचं काही खरं नव्हतं. हा तोच मुलगा. बारा वर्षांचा असताना आईच्या पुढे येऊन उभा राहिला होता आणि त्याचा पुढचा दात अर्धा गेला होता. अठरा पुरी होताच घर सोडून गेला आणि सहा वर्षं बापाशी बोलला नाही. त्याला मुलगी झाली तेव्हा मास्तरने पाकिटात घालून एक मिटलेली खोली पाठवली, उघडली की आत पाळणा. त्या पाळण्याने मुलगा परत आला. म्हणजे मास्तरच्या आयुष्यात जे काही उरलंसुरलं चांगलं होतं ते सगळं कागदावर उभं होतं, आणि कागद त्या हातावर.

हात कुठून आला हेही त्याला माहीत आहे. सतराव्या वर्षी तो कामाला लागला तेव्हाचा उस्ताद बुटका होता आणि त्याची डाव्या हाताची दोन बोटं गेलेली होती. गठ्ठा सरकवताना शिकाऊ पोराचं बोट पात्याच्या रेषेत आलं की उस्ताद सांगत नसे, ओरडत नसे, फाडकन मारायचा. मनगटावर, नाहीतर मानेवर. "पातं विचारून येत नाही, मीही विचारणार नाही," एवढंच म्हणायचा. त्या खान्यात ही रीतच होती, कुणाला त्यात वावगं वाटत नसे. ज्याला उस्तादाची थप्पड जास्त पडली तो जास्त लाडका. मास्तरला सगळ्यांत जास्त पडली. पहिली दोन वर्षं त्याची मान सदा लाल असायची, आणि घरी जाऊन तो आईला ती कौतुकाने दाखवायचा. पुढे तो स्वतः मास्तर झाला, पोरं त्याच्या हाताखाली आली, आणि त्याच्या हाताला ते आपसूक जमलं: डोळ्याला बोट दिसायच्या आत हात पोचलेला असायचा. पाच पोरांची बोटं त्याने वाचवली. मोजून पाच. ती पोरं आता बाप्ये झालीत, अजून रस्त्यात भेटली की वाकून नमस्कार करतात.

लग्नाला चार महिने झाले होते तेव्हा ती कपड्यांना इस्त्री करत होती. वायर एका जागी उघडी पडली होती, तिचं लक्ष नव्हतं, ती वायर सरळ करायला तिकडेच बोटं नेत होती. त्याचा हात गेला. फाडकन. इस्त्री खाली पडली, फरशीचा टवका उडाला. ती आधी दचकली, मग वायर बघितली, आणि हसली. तुम्ही होतात म्हणून, असं म्हणाली. दुसऱ्या दिवशी शेजारणीलाही तिने ते सांगितलं, हात लाल झालेला दाखवून, जसा तो आईला मान दाखवायचा. दुसऱ्या वेळी उतू जाणारं दूध होतं. त्यानंतर वाचवायला काही लागलंच नाही. चहा उशिरा आला, हात गेला. तिने उत्तर दिलं, हात गेला. उत्तर दिलं नाही, तरी गेला. नेहमी उघडा पंजा, गठ्ठ्यातली हवा काढतात तसा. मूठ कधी नाही, आणि याचाही त्याला अभिमान होता, काय म्हणावं या माणसाला. एकदा तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं, एकदा ती न्हाणीघराच्या कोपऱ्यात बसली आणि तो वरून मारत राहिला, तळहात झिणझिण्यांनी बधिर होईपर्यंत, आणि मग त्याच हाताने त्याने नळ बंद केला, कारण पाणी वाया जात होतं. तेवीस वर्षं. शेवटचा फटका डाव्या कानावर बसला. ती पडली नाही, नुसती त्याच्याकडे बघत राहिली, तोंड हलवत, आणि कानातून पाण्यासारखं रक्त मानेवर उतरलं. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी कसं लागलं म्हणून विचारलं. दार लागलं, असं ती म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी मास्तरच्या हाताकडे पाहिलं आणि लिहिलं, दार.

दुसऱ्या दिवशी कामावर जेवणाच्या सुट्टीत तो कातरणाच्या ढिगाशेजारी बसला होता. डबा उघडावासा वाटेना. हाताला काहीतरी हवं होतं, म्हणून त्याने एक पट्टी उचलली, दोन छेद दिले, दुमडली, आणि ती उभी राहिली. पायरी. त्याच्या बोटाएवढी, कुठेही न नेणारी पायरी. त्याने दुसरी केली. सुट्टी संपल्याची घंटा त्याला ऐकूच आली नाही. तेवढा वेळ हात शिवशिवला नव्हता. आपल्या हातातून एखादी वस्तू न मोडता बाहेर येते, हे त्याला बावन्नाव्या वर्षी कळलं, आणि त्या दिवशी तो कागदाच्या ढिगाआड बसून रडला. ते रडणं खरं होतं. त्याबद्दल त्याच्या मनात अजून शंका नाही.

त्या कपट्याच्या सकाळी चहा घेऊन ती आली, आणि कप ठेवता ठेवता तिने सांगितलं की मुलाचा फोन होता. त्याच्या मुलीला, बिट्टीला, सुट्टी लागते आहे, दोन महिने आजोबांकडे राहून कागदाचं काम शिकायचं म्हणते. सून तर केव्हाची पाठीस लागली आहे. तिला जुनं काहीच माहीत नाही, तिला सासरे म्हणजे देवमाणूस. मास्तरने कप हातात घेतला नाही. तो म्हणाला, तुला काय वाटतं? ती खिडकीकडे बघत म्हणाली, "येऊ दे की. तुमचीच नात आहे." मग उभ्यानेच तिने पदर खोचला आणि जाता जाता म्हणाली, "मी असेनच इथे." दुसऱ्या कुणी ते ऐकलं असतं तर त्याला मायेचं बोलणं वाटलं असतं. एक तासापूर्वी त्यालाही वाटलं असतं. नको म्हणावं असं त्याच्या ओठावर आलं होतं. पण नको म्हटलं तर मुलगा का म्हणून विचारणार, आणि काय सांगायचं, की तुझी आई कपट्याला घाबरली? त्याने कप उचलून तोंडाला लावला. आणि खरं सांगायचं तर त्याला बिट्टी हवी होती. आपलं हे एकमेव बरं काम कुणाच्या तरी हातात द्यावं, म्हणजे हा हात कशाला होता याला काहीतरी उत्तर राहील, ही हाव त्याला सुटली होती.

बिट्टी आली ती वारा आल्यासारखी. नऊ वर्षांची, गुडघ्यांवर खरचटलेली, तोंडाला कुलूप नाही. कपाटातल्या दोनशे खोल्या तिने एका दिवसात उघडून पाहिल्या, एकही न चुरगळता, आणि विचारलं, आजोबा, या घरांना भाडेकरू का मिळत नाहीत? मास्तर कित्येक वर्षांनी मनापासून हसला. पहिल्या दिवशी त्याने तिला कागदाची दिशा ओळखायला शिकवलं, दुसऱ्या दिवशी घड्या, तिसऱ्या दिवशी बोथट चाकूने छेद. बोटं हुशार होती पोरीची. तिची पहिली पायरी उभी राहिली तेव्हा ती खुर्चीवर चढून नाचली. हे चालू असताना बायको दाराच्या उंबऱ्यात बसून असायची, कधी भाजी निवडत, कधी नुसती. तीन दिवस तिने दुपारची झोप घेतली नाही. मास्तरला तिची नजर मानेवर जाणवायची, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली: काय राखण करतेस, ऊठ तिथून, म्हणून तिला दंडाला धरून ओढत आत न्यावं, दार लावून घ्यावं. चित्र इतकं स्वच्छ होतं की त्याने ब्लेड खाली ठेवलं आणि बिट्टीला सांगितलं की आज पुरे.

चौथ्या दिवशी दुपारी बिट्टीने धारदार ब्लेड मागितलं. बोथट चाकूने कड नीट येत नव्हती, आणि तिचं खरं होतं. त्याने दिलं. पट्टी कशी दाबायची, बोटं पट्टीच्या मागे कशी ठेवायची, ब्लेड आपल्याकडे कसं ओढायचं, सगळं दोनदा दाखवलं. ती जीभ बाहेर काढून कापायला लागली. खिडकी कापत होती. दोन बाजू झाल्या, तिसरीला तिने कागद फिरवला, पट्टी सरकली, ती सावरायला तिने डावा अंगठा पुढे टाकला, बरोबर रेषेत. ब्लेड यायलाच लागलं होतं.

फाडकन.

ब्लेड उडून भिंतीपाशी पडलं. बिट्टीचं मनगट टेबलावर आपटलं होतं, त्यावर चार बोटं पांढरी उमटली होती आणि बघता बघता लाल होत होती. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने अंगठा उलटसुलट करून पाहिला, पट्टीकडे पाहिलं, भिंतीपाशी पडलेल्या ब्लेडकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं, तरी ती हसली. "आजोबा, गेलाच असता माझा अंगठा," ती म्हणाली. "तुम्ही होतात म्हणून."

उंबऱ्यातली बाई उठून उभी राहिली होती. ती ओरडली नाही, पुढे आली नाही. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता की भीतीही नव्हती, ओळख होती. आपलीच जुनी साडी दुसऱ्या कुणाच्या अंगावर दिसावी तशी ती नातीच्या त्या हसण्याकडे बघत होती. मास्तरने आपल्या हाताकडे पाहिलं. पोरीचा अंगठा वाचला होता, यात खोटं काही नव्हतं. पण हात ऊबदार झाला होता. तळव्यात ती जुनी झिणझिणी होती, दातांत ती गोड कळ, आणि अकरा वर्षांत एवढ्या दोनशे खोल्यांनी मिळून दिली नव्हती अशी एक निवांत, पोटभर शांती त्याच्या खांद्यापासून बोटांपर्यंत उतरत होती. अंगठा सापडला याचा हाताला आनंद झाला होता. हात त्याचीच वाट बघत होता.

मास्तर उठला आणि फोनपाशी गेला. मुलाने लगेच उचलला. बिट्टीला घेऊन जा, आज, आत्ता, असं मास्तर म्हणाला. मुलगा आधी घाबरला, मग काय झालं ते ऐकून त्याने सुस्कारा सोडला. एवढंच ना, म्हणाला, बोट वाचवलंत की तिचं, थोडं लागलं असेल, तुम्ही राईचा पर्वत करताय. त्याचा आवाज जरा जास्तच मोकळा होता. आपल्याला परत सापडलेला बाप हातचा जाऊ नये म्हणून तो धडपडत होता, हे मास्तरला कळलं. मागे बिट्टी रडायला लागली होती, मी काय केलं, मी नाही जाणार. मास्तरने फोन दोन्ही हातांनी धरला. पुढचं वाक्य बोललं की पाळणा, प्रदर्शन, खांद्यावरचा तो हात, देवमाणूस, सगळं जाणार होतं.

"ऐक," तो म्हणाला. "मारल्यावर हाताला बरं वाटलं."

मग मुलगा बोलला, आणि तो आवाज बारा वर्षांच्या पोराचा होता, अर्धा दात गेलेल्या. "आईला सांगा, बिट्टीला घेऊन आतल्या खोलीत बस. मी निघालो. चार तास लागतील." आणि शेवटी म्हणाला, "बाबा, तुम्ही बाहेरच बसा."

सांगायची गरज पडली नाही. तिने बिट्टीला कडेवर उचललं होतं, एवढी मोठी पोर, पाय लोंबत होते. खोलीच्या दारात ती थांबली. तिच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, चौतीस वर्षांचं काहीतरी, आणि मास्तरने ते घ्यायला मान वर केली. पण ती एवढंच म्हणाली, "तुमचं जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय." मग दार लागलं, आणि आतून कडी घातल्याचा आवाज आला. या घरात ती कडी त्याच्यावर कधी कुणी घातली नव्हती. घालायची टाप नव्हती. तो खुर्ची ओढून त्या बंद दारासमोर बसला. आत बिट्टी हुंदके देत विचारत होती की आजोबा वाईट आहेत का, आणि आजी तिला हळू आवाजात, एकही गोष्ट न गाळता, पहिल्यापासून सांगायला लागली होती.